बुडाची रेषा : लोट्याच्या पेन्सिलचित्राविषयी

घरातील एखाद्या साध्या वस्तूचे पेन्सिलने काढलेले चित्र हा मराठी कलासमीक्षेने जवळजवळ दुर्लक्षिलेला विषय आहे. त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. मराठी वाचकाची अशा चित्राशी पहिली ओळख होते ती शाळेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांच्या निमित्ताने. चित्रकलेच्या वर्गात मधोमध स्टूल, त्यावर ड्रॉइंग बोर्ड, बोर्डावर तांब्या, बादली, कंदील किंवा घमेले, आणि भोवती एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापे घेणारी मुले, हे दृश्य महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. त्या वर्गात 'वस्तुचित्र' हा एका प्रश्नपत्रिकेचा विषय असतो. निकाल लागला की चित्राचे आयुष्य संपते. निसर्गचित्राला भिंत मिळते, व्यक्तिचित्राला चौकट मिळते. वस्तुचित्राला मिळतात ते गुण. ज्या कृतीचे मोल गुणांत ठरले, तिचे रसग्रहण करण्याची गरज मग कोणालाच भासली नाही.

वस्तुतः चित्रकलेतील काही मूलभूत प्रश्न याच उपेक्षित प्रकारात सर्वांत उघडपणे उभे राहतात. चित्रात रंगाचा मोह नाही, कथेचा आधार नाही, भावनेला हात घालणारा चेहरा नाही. कागद, शिसे आणि एक लोटा एवढीच सामग्री. अशा चित्राने प्रेक्षकाला थांबवले, तर त्या थांबण्याचे श्रेय विषयाला देऊन मोकळे होता येत नाही. पाहणे आणि जाणणे यांतील नाते काय, उपयोगाची वस्तू सौंदर्याची वस्तू केव्हा होते आणि परक्यांनी शिकवलेली दृष्टी स्वतःची कशी होते, या तीन प्रश्नांची परीक्षा लोट्याच्या चित्रात होते.

या परीक्षेसाठी जयपूर हे शहर विशेष सोयीचे आहे. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेले हे नगर आधी आखले गेले आणि नंतर उभे राहिले. चौकटींत विभागलेली वस्ती, सरळ रस्ते आणि काटकोनात मिळणाऱ्या बाजारपेठा यांमुळे रेषा हा या शहराचा जणू मूळ धातूच आहे. जयपूर दरबाराच्या कारखान्यांमध्ये 'सूरतखाना' हा चित्रकारांचा स्वतंत्र विभाग होता. तेथील चित्रकार कोळशाने किंवा गेरूने प्रथम रेखन करी, मग ती रेषा पक्की करी. पुन्हा लागणारी आकृती कातड्यावर किंवा कागदावर उतरवून तिच्या रेषांना सुईने छिद्रे पाडली जात आणि त्यावर कोळशाची पूड झाडून खाका दुसऱ्या पृष्ठभागावर घेतला जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस, सवाई प्रतापसिंहाच्या काळात साहिबराम या चित्रकाराने ही रेषा किती उंचीवर नेली होती, याची साक्ष रासलीलेच्या भित्तिचित्रासाठी केलेल्या आणि त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या कृष्णमुखाच्या रेखांकनातून मिळते. सुमारे १८०० मधील हे रेखांकन आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत न अडखळता उतरणारी ती रेषा समोर बसवलेल्या माणसाकडे पाहून काढलेली नाही. तिच्यामागे परंपरेने घोटलेले स्मरण आहे.

राजस्थानी लघुचित्रांत सुरई, झारी, हुक्का, पानदान अशा वस्तू जागोजागी दिसतात. चित्रकार त्या जशा दिसतात तशा काढत नाही. जशा आहेत तशा काढतो. सुरई नेहमी बाजूने, तिच्या सर्वांत ओळखीच्या रूपात येते. तिचे दोन्ही खांदे समान असतात आणि बूड बहुधा सरळ रेषेत टेकलेले असते. ग्रेड परीक्षेच्या परीक्षकाने या सुरईला गुण दिले नसते. परंतु ही चूक मानणे म्हणजे एका ज्ञानप्रकाराला दुसऱ्याच्या मापाने मोजणे होय. त्या चित्रकाराला पाहणाऱ्याचा डोळा कोठे आहे हे सांगायचे नव्हते, सुरई म्हणजे काय ते सांगायचे होते.

या रेषेशेजारी दुसरी रेषा आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मद्रास, कलकत्ता आणि मुंबई येथे १८५० नंतर कलाशाळा निघाल्या; मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. जयपूरचे वैशिष्ट्य असे की तेथील शाळा संस्थानिकाच्या, महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या, पुढाकाराने उभी राहिली. हे महाराज स्वतः हौशी छायाचित्रकार होते आणि त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा संग्रह जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालयात आहे. १८६० च्या दशकात सुरू झालेल्या या 'मदरसा-ए-हुनरी'त कारागिरीच्या शिक्षणाला रेखनाची जोड देण्यात आली. म्हणजे एकाच शहरात, एकाच राजाच्या कारकिर्दीत, सूरतखान्याची स्मरणातली रेषा, कलाशाळेची पाहून काढलेली रेषा आणि कॅमेऱ्याचे यांत्रिक चित्र ही तिन्ही एकत्र नांदत होती.

तिसरी रेषा मापाची. सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांनी १८९० पासून 'जेपोर पोर्टफोलिओ ऑफ आर्किटेक्चरल डिटेल्स' हा प्रचंड आलेखसंग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९१३ पर्यंत त्याचे बारा भाग निघाले. खांब, कमानी, घोड्या, कठडे, छत्र्या, झरोके यांची मोजून काढलेली रेखने त्यात आहेत, आणि ती सुट्या पानांवर छापलेली आहेत. कारण कारागिराने हवे ते पान काढून हाताशी ठेवावे, दुसऱ्याशी ताडून पाहावे, असा त्यामागील हेतू होता. हे काम स्थानिक आरेखकांच्या हातून झाले. या रेषेला डोळ्याची जागा ठाऊक नाही आणि परंपरेचे स्मरणही पुरत नाही. ती फूट-इंचांना बांधलेली आहे. वस्तू पुन्हा घडवता यावी, एवढीच तिची प्रतिज्ञा आहे.

स्मरणाची, दृष्टीची आणि मापाची या तीन रेषा लक्षात घेतल्या, म्हणजे लोट्याच्या साध्या पेन्सिलचित्रात काय घडते याचा उलगडा होऊ लागतो.

लोटा घडवणारा ठठेरा, किंवा महाराष्ट्रात तांबट, पत्र्याला ठोके देत देत पोट फुगवतो आणि मठारकामाने त्यावर ठोक्यांच्या पाकळ्या उमटवतो. या वस्तूच्या अवयवांना भाषेने माणसाच्या देहाची नावे दिली आहेत. तिला तोंड आहे, गळा आहे, पोट आहे, बूड आहे. चित्र काढणारा प्रथम एक उभी अक्षरेषा घेतो. ती लोट्यावर कोठेच नसते, पण तिच्याशिवाय लोटा उभा राहत नाही. तिच्या दोन्ही अंगांना पोटाची वक्ररेषा उतरते. या क्षणी चित्रकार तांबटाच्या जवळ असतो, कारण ही बाह्यरेषा म्हणजेच घडणीची रेषा होय. मापाची रेषा आपले काम येथे करते.

नंतर तोंडाचा काठ येतो आणि डोळ्याचा अधिकार सुरू होतो. वस्तुतः गोल असलेला काठ चित्रात लंबवर्तुळ होतो. लोटा डोळ्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल, तर तोंडाचे लंबवर्तुळ चपटे आणि बुडाचे त्याहून अधिक गोलसर दिसते. कारण बूड डोळ्यापासून अधिक खाली असते. नवशिका विद्यार्थी नेमका येथे फसतो. तोंड वर्तुळाकार आहे हे त्याला दिसते, म्हणून तो ते वाकवतो. बूड जमिनीवर टेकले आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते तो सरळ रेषेने कापतो. परिणामी चित्रातला लोटा वरून एका जागेवरून पाहिलेला आणि खालून दुसऱ्याच जागेवरून पाहिलेला होतो. ही केवळ तांत्रिक चूक नव्हे. एकाच कागदावर लघुचित्रकाराचे जाणणे आणि कलाशाळेचे पाहणे यांचे भांडण तेथे न मिटता उरलेले असते.

उत्तम चित्रात हे भांडण मिटलेले दिसते. बुडाची वक्ररेषा डोळ्याला मान्य होईल इतकी वळते आणि तरीही लोटा ठाम टेकलेला राहतो. हिंदीत चंचल माणसाला 'बिन पेंदी का लोटा' म्हणतात. मराठीत आधार नसलेल्या आरोपाला 'बिनबुडाचा' हे विशेषण लागते. दोन्ही भाषांनी सत्याचा संबंध बुडाशी जोडला, हे लक्षणीय आहे. लोट्याच्या चित्राची खरी कसोटीही तेथेच लागते. काठ कितीही सफाईने काढला, चकाकी कितीही साधली, तरी बुडाशी रेषा डळमळली तर चित्र रिकामे वाटते. बूड साधले की पाण्याचा थेंबही न काढता लोट्यात वजन येते.

पेन्सिल या साधनाचा स्वभावही येथे विचारात घ्यावा लागतो. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून ती कांडी भट्टीत भाजण्याची रीत काढली. मातीचे प्रमाण वाढवले की शिसे कठीण आणि फिके होते, कमी केले की मऊ आणि काळे. माती कालवणे आणि भाजणे हा जो कुंभाराचा व्यवहार, तोच पेन्सिलीच्या पोटात आहे. या साधनाला पांढरा रंग देता येत नाही. पितळेवरची चकाकी दाखवायची, तर तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. म्हणजे लोट्यावरचा सर्वांत तेजस्वी बिंदू हा चित्रकाराने न केलेल्या कामाचा बिंदू असतो. छायेच्या बाजूला अगदी कडेशी गडदपणा थोडा उजळतो, कारण खालच्या पाटाचा किंवा फरशीचा प्रकाश धातूवर परततो. ही उजळ कड ज्याने पाहिली, त्याने लोटा एकटा नाही हे पाहिले. त्या वस्तूने आपल्या अंगावर भोवतालची खोली घेतलेली असते. मठारलेल्या लोट्यात तर प्रत्येक ठोक्याचा खळगा स्वतःचा लहानसा उजेड आणि स्वतःची लहानशी सावली धरतो. ते सारे मोजून काढू गेल्यास चित्र हिशेबाची वही होते, आणि एकाच करड्या छटेत पुसून टाकल्यास तांबटाचे श्रम नाहीसे होतात. किती ठोके काढायचे आणि किती प्रेक्षकाच्या डोळ्यावर सोपवायचे, या निवडीत चित्रकाराची संस्कृती दिसते.

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन अवाढव्य गंगाजळी कुंभ आहेत. सवाई माधोसिंह दुसरे हे १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांनी त्यांतून गंगाजल नेले. प्रत्येकी सुमारे ३४५ किलो वजनाचे आणि १.६ मीटर उंचीचे हे कुंभ पाहायला येणारा प्रवासी स्तिमित होतो. परंतु त्या विस्मयाचे स्वरूप तपासले तर असे दिसते की तो आकड्यांचा विस्मय आहे. कुंभाची रेषा लक्षात राहण्याआधी त्याचे वजन लक्षात राहते. त्याच कुळातला हातभर अंतरावरचा साधा लोटा पेन्सिलने काढला असता नेमके उलटे घडते. आकडा शून्यवत होतो आणि रेषा उरते. एकाच आकाराचे राजवैभव आणि त्याचे गृहस्थपण यांतले दुसरे अधिक दुर्लभ आहे, याची जाणीव करून देणे हे या लहान चित्राचे कार्य होय.

लोट्याच्या या गृहस्थपणाची आधुनिक काळातील सर्वांत प्रसिद्ध दखल परदेशी अभिकल्पकांनी घेतली. चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून १९५८ मध्ये एक अहवाल दिला. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेची १९६१ मधील स्थापना त्यातून प्रेरित झाली. त्या अहवालात त्यांनी लोट्याला भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये अग्रस्थान दिले आणि तो घडवताना किती गोष्टींचा विचार झाला असेल याची यादी मांडली. किती पाणी मावावे, डोक्यावर आणि कमरेवर कसा बसावा, भरलेला आणि रिता असताना तोल कसा राहावा, धार कशी पडावी, हाताला स्पर्श कसा लागावा, आपटला तर नाद कसा यावा. असा लोटा कोणा एकाच्या बुद्धीतून निघणे शक्य नाही, अनेक पिढ्यांनी तो घडवला, हा त्यांचा निष्कर्ष होता. या यादीतील जवळजवळ एकही गोष्ट डोळ्याने दिसणारी नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. वजन, तोल, स्पर्श, नाद यांना रेषा नसते. तरी चांगले पेन्सिलचित्र पाहताना हात आपोआप गळ्याशी जातो आणि बोटे काठाखाली वळतात. अदृश्य गुण दृश्य रेषेत उतरवण्याचे हे सामर्थ्य केवळ नकलेतून येत नाही.

मराठी सौंदर्यविचाराच्या एका जुन्या वादाशी हा मुद्दा येऊन भिडतो. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात लयतत्त्वाची मांडणी करून संवाद, विरोध आणि समतोल या नियमांनी सौंदर्यकृतीची घटना उलगडली. त्या दृष्टीने लोट्याचे चित्र हा आदर्श नमुना ठरावा. दोन्ही बाजूंच्या वक्रांचा संवाद, आक्रसलेला गळा आणि फुगलेले पोट यांचा विरोध, छाया आणि कोरा कागद यांचा समतोल, सारे त्यात आहे. पण एवढ्याने त्या चित्राचा आस्वाद पुरा होत नाही. हा लोटा पाणी देणारा आहे, पाहुण्याच्या पायांवर आणि पूजेच्या पाटावर रिता झालेला आहे, हे ज्ञान बाजूला ठेवले तर उरलेली आकृती सुंदर असूनही परकी होते. उलट केवळ त्या स्मृतींवर चित्र तोलले, तर वाईट चित्रही चांगल्याइतकेच हेलावून जाईल. कारण आजोळची आठवण करून द्यायला चांगली रेषा लागत नाही. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांची जी चर्चा केली, ती अशा चित्रापुढे ग्रंथातली राहत नाही. लोट्याचा लौकिक उपयोग रेषेच्या बाहेर आठवण म्हणून उभा नसतो, तो रेषेच्या वळणात शिरलेला असतो. गळा आक्रसतो तो बोटांना धरता यावा म्हणून आणि काठ उलटतो तो धार नीट पडावी म्हणून. येथे रूप म्हणजेच घनीभूत झालेला उपयोग. या एका उदाहरणापुरते तरी दोन ध्रुवांमधील अंतर मिटते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वस्तुचित्र ही परंपरा इंग्रजी अंमलाने आणली. एका डोळ्याने, एका जागेवरून पाहण्याची शिस्त भारतीय हातावर लादून तिने स्मरणाची रेषा दुबळी केली. मग तिच्या गौरवाचे कारण काय? आक्षेपात तथ्य आहे. कलाशाळांमधून साच्यातील अभ्यासाचे ढीग निघाले आणि लोटा काढणाऱ्या कित्येक मुलांना तो हातात घेऊन पाहण्यास कोणी सांगितले नाही. परंतु शिस्त कोठून आली यावरून ती हातात काय झाली हे ठरत नाही. मागच्या शतकातील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. इटलीतील बोलोन्या शहराच्या जॉर्जिओ मोरांदी (१८९०–१९६४) याने आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, डबे आणि सुरया काढल्या. त्याच्या अनेक पेन्सिलचित्रांत वस्तूची कड मध्येच नाहीशी होते आणि कोरा कागदच वस्तू होऊन बसतो. युरोपीय दृष्टिशिस्तीच्या घरातच जन्मलेल्या या चित्रकाराने ती शिस्त आतून मोकळी केली. मराठीत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी घड्याळ, पान अशा रोजच्या वस्तू अवकाशात एकेकट्या मांडल्या, आणि 'कोरा कॅनव्हास' या १९९० मधील पुस्तकात वस्तू, आकार आणि अवकाश यांच्या नात्याचे चिंतन मराठी गद्यात आणले. कलाशाळेच्या वर्गातील वस्तुचित्र आणि बरव्यांची वस्तू यांत मोठे अंतर आहे, तरी वस्तूकडे दीर्घकाळ टक लावून बसण्याची तयारी दोहोंना समान आहे. ती तयारी परकी म्हणून टाकून देण्याजोगी नाही.

आक्षेपाचे खरे उत्तर मात्र लोट्याच्या बुडाशीच मिळते. दृष्टीची शिस्त ज्याने आत्मसात केली, पण तांबटाचा हात आणि सूरतखान्याचे स्मरण विसरला नाही, त्याच्या चित्रात बुडाची ती छोटीशी वक्ररेषा तिन्ही ऋणे फेडते. ती डोळ्याला खरी दिसते, घडणीच्या मापाला खरी उतरते, आणि लोटा म्हणजे काय हे जन्मभर जाणणाऱ्या माणसाला ओळखीची वाटते.

आज शहरी घरांतून पितळी लोटा मागे पडला आहे. स्टीलचा पेला, प्लास्टिकची बाटली यांनी त्याची जागा घेतली; कल्हई, चिंच आणि राख हे शब्दही स्वयंपाकघरातून उठून चालले. अशा काळात वस्तुचित्राकडे वस्तूची नोंद म्हणून पाहण्याचा मोह होईल. पण नोंदीसाठी छायाचित्र अधिक भरवशाचे, हे सवाई रामसिंहांच्या काळीच सिद्ध झाले होते. पेन्सिलचित्र नोंदवते ते निराळे काही. कोणी एक माणूस एका वस्तूपुढे तास-दोन तास बसला, त्याने तिच्यावरून नजर काढली नाही, चुकलेली रेषा खोडली आणि पुन्हा काढली, याचा तो पुरावा असतो. कागदावर अर्धवट पुसलेली अक्षरेषा आणि बुडाशी दोन-तीनदा फिरवलेले शिसे शोधणाऱ्या रसिकाला तो पुरावा दिसतो. परीक्षक ज्या खाणाखुणांचे गुण कापतो, तेथूनच रसिकाने पाहायला आरंभ करावा.